हाजी मुफ्लिह नाक्यावर वाजले, त्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
दक्षिण नाके जकात कार्यालय,
अकबा.

अर्जदार: हाजी मुफ्लिह ऊदा अल-हसनात, वय ६८, बंदरातील फॉस्फेटच्या वजनकाट्यावरील निवृत्त कारकून, रा. अकबा.

विषय: रास अल-मरसद नाक्यावरील निरीक्षक कु. रहफ अल-नुऐमात यांना बजावलेली कारणे दाखवा नोटीस मागे घेणेबाबत.

संदर्भ: सदर नोटीस, दि. ३० ऑक्टोबर २०२४, आरोप एक ते चार.

महोदय,

आपणास सलाम, आणि आपल्या घरी सर्वांना आरोग्य लाभो.

१. या प्रकरणात नोटीस एकीला आली आहे आणि अर्ज दुसराच करतो आहे. असा अर्ज चालत नाही, हे अर्जनवीसाने अर्जदारास दोनदा समजावले. त्यावर अर्जदाराचे म्हणणे पडले, की "कमान कुणामुळे वाजली? माझ्यामुळे. मग बोलायचं कुणी? लिही तू." सबब लिहीत आहे. मोजकेच लिहावे असा अर्जनवीसाचा आग्रह होता, सगळे लिहावे असा अर्जदाराचा. जय कुणाचा झाला ते अर्जाच्या लांबीवरून आपल्या ध्यानात येईलच.

२. अर्जदाराने एकतीस वर्षे बंदरात फॉस्फेटचे ट्रक जोखले. भरलेला ट्रक काट्यावर घ्यायचा, माल उतरला की रिकामा ट्रक काट्यावर घ्यायचा, फरक तो माल. या एकतीस वर्षांत त्याने एकही ट्रक नजरेने जोखला नाही, आणि ज्यांनी जोखायला सांगितले त्यांच्याशी तो आजही बोलत नाही. गेल्या वर्षी त्यास प्रोस्टेटचा कर्करोग निघाला. तो हाडांत उतरला होता. कमरेत, डाव्या खुब्यात आणि पाठीच्या दोन मणक्यांत. उन्हाळ्यापासून अर्जदारास आडवे होता येईना. तो खुर्चीत बसून झोपत असे, नमाजही खुर्चीतच. बसच्या पायऱ्या चढताना पत्नी फिद्दाबाई मागून ढकलत आणि वर "पोती उचलणाऱ्यांनासुद्धा मजुरी मिळते" असे सर्वांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणत.

३. अम्मानच्या इस्पितळात रविवार दि. १३ ऑक्टोबर रोजी अर्जदारास शिरेतून एक किरणोत्सारी औषध देण्यात आले. हे औषध रोगाच्या पेशी हुडकून त्यांना चिकटते आणि तिथेच बसून किरण सोडते. जे चिकटत नाही त्यातले बरेचसे लघवीवाटे निघून जाते. त्याची धग साडेसहा दिवसांत निम्मी होते, पुढच्या साडेसहा दिवसांत त्याच्या निम्मी. औषध देणारे डॉक्टर वेगळे. त्या औषधाचे पुढे अंगात काय होते याचे मोजमाप करणाऱ्या बाई वेगळ्या, त्यांचे नाव डॉ. लमीस हद्दादीन. त्यांनी पहिल्याच भेटीत अर्जदारास सांगितले:

"औषध किती घातलं ते मला माहीत आहे, हाजी. ते सोपं. पण हाडात किती बसलं, मूत्रपिंडात किती अडकलं आणि किती दिवस राहिलं, हे कळल्याशिवाय कुठे किती डोस लागला ते सांगता येत नाही."

"म्हणजे भरलेला ट्रक आणि रिकामा ट्रक."

"तसंच. फक्त हा ट्रक वाटभर गळत चाललाय. म्हणून चारदा काट्यावर घ्यायचा."

अर्जदाराचा जीव भांड्यात पडला. वर्षभरात डॉक्टरांचे एवढे एकच बोलणे त्यास मुळापासून कळले होते. तेव्हापासून तो त्यांना काटेवाल्या बाई म्हणतो आणि त्या रागावत नाहीत. त्यांचा काटा म्हणजे एक मोठा कॅमेरा. त्याखाली निजायचे आणि वीस मिनिटे हलायचे नाही. चार मापे ठरली होती: औषधानंतर चार तासांनी पहिले, सोमवारी दुसरे, गुरुवारी तिसरे, पुढच्या रविवारी चौथे. कागदावर चार ठिपके, ठिपक्यांतून एक उतरती रेघ, आणि रेघेखाली जेवढी जागा तेवढा डोस. शिवाय, बाहेर किती गेले ते कळावे म्हणून पहिल्या दोन दिवसांची लघवी साठवायची होती. इस्पितळाने प्लास्टिकचे दोन कॅन दिले. परंतु पाणी भरपूर प्यायचा हुकूमही इस्पितळाचाच होता, त्यामुळे कॅन सोमवारीच भरले.

४. अर्जदाराची लेक जुमाना अम्मानमध्येच असते. पण तिला सातवा महिना, आणि घरात दोन वर्षांची मुलगी. दोघींपासून आठवडाभर लांब राहा, असे इस्पितळाने बजावले होते. अर्जदाराने रस्त्यावर उभे राहून खिडकीतल्या नातीला हात केला. आजोबा वर का येत नाहीत म्हणून तिने आपली एक चप्पल खाली फेकली. ती चप्पल घेऊन अर्जदार सोमवारी रात्री आपल्या खुर्चीकडे, म्हणजे अकब्याला परतला. मंगळवारी, कॅन भरलेले असल्याने, फिद्दाबाईंनी त्यांच्या अजलूनच्या बहिणीकडून आलेला ऑलिव्ह तेलाचा रिकामा डबा गरम पाण्याने धुतला, कॅन त्यात ओतले आणि उरलेली साठवणही त्यातच केली. हा डबा पुढे आरोप तीनमध्ये येतो.

५. गुरुवार दि. १७ रोजी सकाळी सातला अर्जदार, पत्नी व डबा असे तिघे अम्मानच्या बसने रास अल-मरसद नाक्यावर पोहोचले. अकब्यात येताना किरणतपासणीची कमान लागत नाही, जाताना लागते. बस कमानीखाली आली आणि घंटा वाजली. फॉस्फेट उतरवून परतणाऱ्या ट्रकांना ती अधूनमधून वाजते, कारण फॉस्फेटच्या धुळीतही थोडे किरण असतात, हे आपण जाणताच. माणसांच्या बसला ती कधी वाजली नव्हती. सर्व उतारूंना एकेक करून कमानीखालून चालवण्यात आले. केळ्यांची पाटी घेतलेल्या एका बाईंना दोनदा चालवण्यात आले. अर्जदार सर्वांत शेवटी गेला, कारण त्यास बसमधून उतरायलाच तेवढा वेळ लागला. घंटा वाजली आणि उतारूंनी टाळ्या वाजवल्या.

"एकतीस वर्षं बंदरात राबला," फिद्दाबाई जमलेल्यांना म्हणाल्या, "हा आला म्हणून कुणी मान वर करून पाहिलं नाही. आता बघा."

"इतकं फॉस्फेट जोखलं," अर्जदार म्हणाला, "शेवटी मीच फॉस्फेट झालो."

निरीक्षक रहफ त्या दिवशी पाळीच्या प्रमुख होत्या. वय एकोणतीस. त्या हसल्या नाहीत. त्यांनी इस्पितळाचे कार्ड दोनदा वाचले आणि अर्जदारास सावलीत, सर्वांपासून दहा पावलांवर खुर्ची दिली. नियम असा, की कमान वाजवणारी कोणतीही वस्तू अम्मानच्या संबंधित कचेरीचे लेखी पत्र आल्याशिवाय पुढे सोडायची नाही. त्यांनी सात वीसला फॅक्स केला. बस निघून गेली. नऊ वाजता कचेरीतून उत्तर आले, की साहेब बैठकीत आहेत. दहाला: साहेब आलेत, पण कागद वर गेलाय. अकराला: कागद खाली आलाय, पण साहेब गेले. दरम्यान निरीक्षकबाई दर अर्ध्या तासाने वेलदोड्याची कॉफी आणून स्टुलावर ठेवत आणि चार पावले मागे सरत. अर्जदाराने तोवर त्यांना डोस कसा मोजतात ते वाळूत काठीने चार ठिपके काढून समजावले होते. अकरा वाजता त्यांनी स्वतः डॉ. लमीस यांना फोन लावला. हे बोलणे अर्जदाराने दहा पावलांवरून ऐकले, आणि पलीकडचे निरीक्षकबाईंनी त्यास मागाहून सांगितले.

"उद्या आणलं तर?"

"उद्या शुक्रवार. कॅमेरा बंद. परवाही बंद."

"मग रविवारी एकदमच."

"रविवारी माझ्याकडे तीन ठिपके असतील आणि मधे एक भोक."

"भोकाने काय होतं?"

"मग पुढच्या वेळी मी घाबरून मापातच राहीन. सगळ्यांना देतात तेवढंच देतील. हाजींच्या हाडांना जास्त झेपलं असतं का, की मूत्रपिंडांना तेवढंही जड गेलं, ते मला कळणारच नाही. अंदाजाने चालायचं."

'अंदाज' हा शब्द कानी पडताच अर्जदार खुर्चीतून उठू लागला, परंतु उठवले नाही. निरीक्षकबाईंनी ते पाहिले. फोनवर त्या म्हणाल्या, "कॅमेरा कधीपर्यंत आहे?"

"चारपर्यंत. कोण आणतंय? तू? मग हाजींना मागे बसव, तुझ्यापासून लांबच्या कोपऱ्यात. चार तासांचं काही होत नाही. गरोदर नाहीस ना?"

"अजून लग्नच व्हायचंय, बाई!"

"बरं. मग निघ."

६. आता आरोपांबाबत क्रमाने.

आरोप एक, नाका सोडून जाणे. निरीक्षकबाई सव्वाअकराला गेल्या व रात्री आठला परतल्या, हे खरे आहे. मागे दोन हवालदार होते. त्या अवधीत नाक्यावरून सत्तेचाळीस ट्रक गेले व कमान दोनदा वाजली, दोन्ही वेळा फॉस्फेट. परतल्यावर निरीक्षकबाई स्वतः कमानीखालून चालत गेल्या. ती वाजली नाही. त्यांनी नाक्यावरून काही नेले असेल तर ते सोबत परत आणले नाही, हे यावरून सिद्ध होते.

आरोप दोन, सरकारी पिकअप गाडीचा खाजगी वापर. गाडीच्या दारावर "किरणोत्सारी माल हलवण्यासाठी" असे रंगवलेले आहे. ती तीन वर्षांपूर्वी याच कामासाठी आली आणि तीन वर्षे तिने नाक्याला पिण्याचे पाणी आणले. दि. १७ रोजी तिने पहिल्यांदाच दारावर लिहिलेले काम केले. याबद्दल गाडीला बक्षीस द्यावे असे अर्जदाराचे म्हणणे होते. अर्जनवीसाने ते लिहिण्याचे नाकारले आहे. वाटेत प्रत्येक गतिरोधकापाशी निरीक्षकबाई गाडी इतकी हळू घेत, की मागचे ट्रक भोंगे वाजवत. "काका, दुखतंय का?" असे त्यांनी कतरानाच्या फाट्यावर विचारले. "रस्त्याला दुखत असेल," अर्जदार म्हणाला, "मला काही नाही." ते खोटे होते, आणि फिद्दाबाईंनी ते लगेच सांगून टाकले.

आरोप तीन, नोंदवहीत खोटी नोंद. नोंद अशी आहे: "ऑलिव्ह तेल, डबा एक, खाण्यास अयोग्य." महोदय, संगणकात छापील यादीतला माल निवडावा लागतो. यादीत काँक्रीटपासून कबुतरांपर्यंत सगळे आहे. जे डब्यात होते ते नाही. डब्यावर तेलाचे चित्र होते. तरीही निरीक्षकबाईंनी खातरजमा केली. हवालदाराने झाकण उघडले, नाक खाली नेले आणि झाकण लावले. "तेल चांगलं नाही," एवढेच तो बोलला. सबब "डबा एक" हे खरे आहे, "खाण्यास अयोग्य" हे तर साक्षीने खरे आहे. उरलेल्या दोन शब्दांचा दोष अर्जदार आपल्याकडे घेतो.

आरोप चार, परवानगीच्या पत्राशिवाय सोडणे. ते पत्र सोमवार दि. २१ रोजी आले. त्यात लिहिले आहे, की रुग्ण ही वस्तू नव्हे, त्यामुळे या कचेरीच्या परवानगीचा प्रश्न उद्भवत नाही. म्हणजे ज्या पत्रासाठी अर्जदार चार तास बसला, ते पत्र लागतच नव्हते. यात नियम मोडला असेल तर तो अर्जदाराला सोडल्याने नव्हे, बसवून ठेवल्याने. आणि त्याबद्दल अर्जदाराची काही तक्रार नाही. कॉफी उत्तम होती.

७. गाडी तीन पंचविसाला इस्पितळाच्या दारी लागली. डॉ. लमीस चाकांची खुर्ची घेऊन स्वतः बाहेर उभ्या होत्या. डबा पाहून त्यांनी कपाळाला हात लावला.

"सगळी कशाला आणलीत, हाजी? किती झाली ते मोजायचं आणि एक बाटली आणायची!"

"अर्धा ट्रक जोखून पूर्ण ट्रकाची पावती मी कधी फाडली नाही," अर्जदार म्हणाला.

डबा जोखला गेला, त्यातून नमुना घेतला गेला, आणि तीन पन्नासला अर्जदार कॅमेऱ्याखाली आडवा झाला. वीस मिनिटे आडवे राहणे म्हणजे त्यास काय होते ते तोच जाणे. तो हलला नाही. काचेपलीकडे निरीक्षकबाई आणि फिद्दाबाई उभ्या होत्या. पडद्यावर हळूहळू अर्जदाराचा आकार उमटला. सगळा फिका, आणि कमरेत, खुब्यात, मणक्यांत लख्ख ठिपके.

"एवढा रोग?" निरीक्षकबाईंनी विचारले.

"रोग किती ते आधीच ठाऊक होतं," डॉ. लमीस म्हणाल्या. "उजेड आहे तो औषधाचा. चौथा दिवस, आणि अजून जागेवर चिकटून बसलंय. मूत्रपिंडं बघ, जवळजवळ रिकामी झालीत. मला हेच बघायचं होतं."

फिद्दाबाई काचेला नाक लावून उभ्या होत्या. "चाळीस वर्षं संसार केला," त्या म्हणाल्या, "या माणसात एवढा उजेड आहे हे मला आज दाखवताय."

निरीक्षकबाई लगेच परत निघाल्या. जेवूनही गेल्या नाहीत. अर्जदाराने व पत्नीने रविवारच्या मापापर्यंत तीन रात्री इस्पितळाजवळच्या लॉजमध्ये काढल्या. त्या खोलीत खुर्ची नव्हती. पहिल्या रात्री अर्जदार भिंतीला टेकून बसला, दुसऱ्या रात्री उशा लावून कलला. तिसऱ्या रात्री फिद्दाबाईंना जाग आली तेव्हा तो सपाट झोपलेला होता आणि घोरत होता. काही बरेवाईट झाले की काय अशा भीतीने त्यांनी त्यास हलवून उठवले, आणि यावरून दोघांचे जे भांडण झाले ते शेजारच्या खोलीनेही ऐकले. चार महिन्यांत अर्जदार आडवा झोपला नव्हता.

८. दि. ३ नोव्हेंबर रोजी डॉ. लमीस यांनी मोजमापाचा कागद दिला. त्यानुसार हाडांतल्या गाठींना अडतीस ग्रे, मूत्रपिंडांना चारच्या आत, आणि रक्त तयार करणारी मज्जा मर्यादेच्या पुष्कळ खाली. ग्रे म्हणजे काय हे अर्जनवीसास ठाऊक नाही. अर्जदारास ठाऊक आहे, आणि तो समजावू लागला की चहा थंड होतो. अर्थ एवढाच, की औषध जिथे हवे तिथे बसले, नको तिथे फार टिकले नाही, आणि दुसऱ्या खेपेस सव्वापट देता येईल असे बाईंनी आणि डॉक्टरांनी मिळून ठरवले. तिसरा ठिपका नसता तर एवढी हिंमत केली नसती, असे बाईंनी त्या कागदाखाली स्वतःच्या अक्षरात लिहून सही केली आहे.

९. हे सगळे आनंदाने चालले असता मागच्या आठवड्यात बसचालकाकडून अर्जदारास कळले, की निरीक्षकबाईंना नोटीस आली आहे आणि त्यांनी तिचे उत्तर दिलेले नाही. अर्जदाराने त्यांना फोन केला. त्या म्हणाल्या, "काय उत्तर देऊ, काका? चारही गोष्टी केल्यात मी." महोदय, अर्जदाराने एकतीस वर्षे सरकारी नोकरी केली. चार आरोप आले असता चारही कबूल करणारा माणूस त्याने अद्याप पाहिला नव्हता. असा माणूस नाक्यावर असावा की नसावा, हे आपण ठरवायचे आहे.

१०. सबब विनंती अशी, की

(अ) सदर नोटीस मागे घ्यावी.

(आ) इस्पितळाचे कार्ड असलेल्या रुग्णास वस्तू समजू नये, असे एका ओळीचे परिपत्रक नाक्यावर लावावे. हे औषध घेणारे अकब्यात आता आणखी दोघे आहेत, असे डॉ. लमीस सांगतात.

(इ) नोंदवहीतली नोंद खरी व्हावी म्हणून अर्जदार अजलूनच्या नव्या हंगामाचे ऑलिव्ह तेल डबा एक, खाण्यास योग्य, आपल्या कार्यालयात जमा करण्यास तयार आहे. (वरील कलमास लाच म्हणतात, हे अर्जनवीसाने लक्षात आणून दिल्यावरून कलम (इ) मागे घेण्यात येत आहे. बहिणीकडून तेल मागवायला फिद्दाबाईंना आधीच सांगून झाले आहे, तो त्यांचा घरगुती प्रश्न समजावा.)

(ई) दुसरे औषध रविवार दि. २४ नोव्हेंबर रोजी असून अर्जदार गुरुवार दि. २८ रोजी सकाळी पुन्हा नाक्यावर येईल. औषध सव्वापट असल्याने घंटाही मोठ्याने वाजण्याचा संभव आहे. त्या सकाळी पाळीवर निरीक्षक रहफ याच असाव्यात. नव्या माणसाला ठिपके पहिल्यापासून समजावायला लागतील आणि बस थांबणार नाही.

११. हा अर्ज खाली आवक-जावक खिडकीत द्यावा, असे अर्जनवीसाने सुचवले होते. अर्जदाराने ते मानले नाही. आपले दालन तिसऱ्या मजल्यावर असून लिफ्ट मंगळवारपासून बंद आहे. तरीही तो जिन्याने वर येणार आहे. फिद्दाबाई मागून येतील, परंतु ढकलू नये अशी त्यांना ताकीद आहे. तो दालनात शिरेल तेव्हा त्यास धाप लागलेली असेल. कृपा करून लगेच खुर्ची पुढे करू नये. त्यास थोडा वेळ उभे राहायचे आहे.

सोबत: १. इस्पितळाचे कार्ड. २. डोसच्या मोजमापाचा कागद, डॉ. लमीस यांच्या शेऱ्यासह. ३. दि. २१ ऑक्टोबरचे, न लागणारे पत्र. ४. नोंदवहीच्या पानाची नक्कल. ५. हवालदाराचा जबाब, एक ओळ.

आपला नम्र, आणि सध्या उभा,

(सही) मुफ्लिह ऊदा अल-हसनात

लिहिणार: अताल्लाह अल-खुरैसात, अर्जनवीस, आपल्या कार्यालयाच्या दारासमोरील निळी छत्री

अकबा, रविवार दि. १० नोव्हेंबर २०२४